मास्टरजींच्या खिडक्या आणि गुरुनाथराव

१९८८च्या मे महिन्यात माझे यजमान श्यामकांत हवाई दलाच्या ट्रकवरून पडले आणि त्यांच्या पाठीच्या दोन मणक्यांना चीर गेली. हॉस्पिटलनं त्यांना छातीपासून कमरेखालपर्यंत प्लास्टरचं जाकीट चढवलं आणि दहा आठवडे असंच पडून राहायचं, असं सांगून घरी पाठवलं. घर म्हणजे चंडीगडमधल्या मास्टर अजाइबसिंगांच्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला. सरकारी क्वार्टरसाठी आमचा नंबर लागायचा होता, तोवर आम्ही तिथे भाड्यानं राहत होतो. मी, श्यामकांत आणि आमची सात वर्षांची निशिगंधा. तिच्याशी मी मराठीत बोलायची आणि ती मला हिंदीत उत्तर द्यायची.

त्या गावात उन्हाळ्यात लोक पूर्वी गच्चीवर झोपत. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, खाटा टाकायच्या, आणि शेजारच्या गच्चीवरच्यांशी गप्पा मारत पडायचं. आम्ही आलो तेव्हा ते बंद पडलं होतं. पंजाबात रोज काहीतरी घडत होतं, नाक्यानाक्यावर वाळूची पोती रचलेली होती, आणि अंधार पडायच्या आत लोक दारं लावून घेत. म्हणून खोल्या जास्तच तापलेल्या वाटायच्या. सगळ्यांकडे असतो तसा गवताच्या ताट्यांचा कूलर आमच्याकडेही होता, पण त्याच्या ओलसर हवेनं आठच दिवसांत प्लास्टरची कड मऊ पडली. बोटानं दाबली की दबायची. डॉक्टर म्हणाले, "कूलर बंद करा. कोरडी थंड हवा पाहिजे. एसी मिळतो का बघा."

एसी मिळाला. श्यामकांतचे मित्र नंदकुमार आसामला बदलून चालले होते. त्यांनी आपला खिडकीचा एसी आमच्याकडे पाठवून दिला. चार जवानांनी तो जिन्यावरून वर आणला, खोलीच्या मधोमध ठेवला आणि सलाम करून गेले. मग मी खिडक्यांकडे बघितलं.

तीन खिडक्या होत्या, तिन्ही माणसाच्या उंचीच्या आणि हातभरही रुंद नाहीत अशा. लोखंडी चौकट, आतून पक्के गज, आणि बाहेर ऊन अडवायला सिमेंटच्या उभ्या पट्ट्या. झडप बाहेर ढकलली की त्या पट्टीवर आपटून जेमतेम चार बोटं उघडायची. एसी तिथे बसणं शक्यच नव्हतं. भिंतीत भोक पाडता येईल का, हे विचारायला मी खाली मास्टरजींकडे गेले.

मास्टरजी एका सरकारी शाळेचे निवृत्त हेडमास्तर. सत्तरीचे, पांढरी दाढी, फिकट निळी पगडी, बोलणं मोजकं. बायको वारली होती, मुलगा कॅनडात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून घराचा नकाशा काढून माझ्यासमोर पसरला.

"बेटी, यह नक़्शा पास हुआ है," ते म्हणाले. "मैंने तीस साल बच्चों को क़ायदा सिखाया। दीवार में छेद नहीं होगा। गज भी नहीं कटेंगे। बाक़ी जो करना है, करो।"

बाकी काही करण्यासारखं मला दिसत नव्हतं. तेव्हा मला गुरुनाथरावांची आठवण झाली.

गुरुनाथ म्हेत्रे मूळचे गडहिंग्लजचे. त्यांच्या वडिलांचं तिथे गुऱ्हाळाचे चरक दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं. आयटीआय करून ते एकाहत्तर साली चंडीगडला आले, सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये. शास्त्रज्ञ कागदावर जे यंत्र काढत ते धातूत करून द्यायचं, हे त्यांचं काम. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सडपातळ, आणि खिशात पेनाशेजारी कायम एक वीतभर लांबीची स्टीलची पट्टी. महाराष्ट्र मंडळात त्यांची माझी ओळख झाली ती गणपतीत. माईक बिघडला होता, सगळे त्याच्याभोवती उभे राहून सल्ले देत होते, आणि हे गृहस्थ कुणाला न सांगता स्टेजखाली शिरून वायर जोडून आले होते.

ते एकटेच राहत, प्रयोगशाळेजवळच्या एका खोलीत. पत्नी सुरेखाताई गडहिंग्लजला होत्या. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गुरुनाथरावांच्या आईला अर्धांगवायू झाला, आणि आईला एवढ्या लांब आणणं शक्य नव्हतं. म्हणून सुरेखाताई तिकडे थांबल्या. 'एक-दोन वर्षं' म्हणता म्हणता सोळा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. वर्षातून एकदा महिनाभराची रजा आणि दर आठवड्याला एक पत्र, असा त्यांचा संसार चालला होता. याबद्दल ते स्वतःहून कधी बोलत नसत. मंडळातल्या बायका बोलत.

रविवारी ते सायकलवरून आले. श्यामकांतना म्हणाले, "साहेब, तुम्ही पडून ऱ्हावा. मी बघतो." आणि खरोखर ते नुसतं बघत बसले. पाऊण तास. एकदा खिडकीजवळ गेले, बाहेर हात काढून वाऱ्याचा अंदाज घेतला. काच पक्की करायला कडेनं भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, नखानं खरवडून बघितली. मग माझ्याकडे वळले.

"वहिनी, घरात जुना होल्डॉल हाय का?"

"दोन आहेत. कशाला?"

"यंत्र खिडकीत बसत न्हाई. मग त्याला खोलीतच ऱ्हाऊ दे की. त्याचं तोंड आणि नाक तेवढं खिडकीतनं भाईर काढायचं."

त्यांनी ते मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. एसीचा पुढचा भाग खोलीला गारवा देतो आणि मागचा भाग गरम हवा टाकतो. मागचा भाग पत्र्याच्या पेटीत बंद करायचा, आणि त्या पेटीतून दोन जाड नळ्या काढायच्या. एकीनं गरम हवा बाहेर, दुसरीनं बाहेरची हवा आत. झडपा उघडायच्या नाहीत, गजांना हात लावायचा नाही. फक्त दोन खिडक्यांच्या खालच्या काचा काढून त्या जागी प्लायवूड बसवायचं, आणि नळ्या गजांमधून चपट्या करून त्याच्या भोकांतून बाहेर काढायच्या. काचा जपून ठेवायच्या. आपण घर सोडू तेव्हा परत लांबी भरून बसवायच्या.

"मास्टरजींना कळणार पण न्हाई कुठली काच काढली हुती ते," ते म्हणाले.

पुढचे आठ दिवस ते रोज कामावरून सुटले की यायचे. पत्र्याची पेटी त्यांनी ठोकून केली, एसीला खाली चाकांचं लोखंडी गाडं केलं. प्रवासात अंथरूण बांधायच्या त्या होल्डॉलचं खाकी कॅनव्हास मी उसवलं आणि शिवणयंत्रावर त्याच्या दोन नळ्या शिवल्या. श्यामकांत पलंगावरून, विणायच्या सुईनं प्लास्टरच्या आतली पाठ खाजवत, आम्हाला सूचना द्यायचे. आम्ही ऐकायचो नाही.

पहिल्या दिवशी यंत्र वीस मिनिटं चाललं आणि बंद पडलं. हवा आत ओढणारी नळी स्वतःच्याच ओढीनं चपटी होऊन मिटली होती. गुरुनाथरावांनी जाड तारेची कडी वाकवली आणि मी ती वीतवीतभर अंतरावर नळीत शिवून टाकली. दुसऱ्या दिवशी पेटीच इतकी तापली की हात लागेना. नळीला दोन वळणं होती, गरम हवेला बाहेर पडायला वाट पुरत नव्हती. त्यांनी गाडं खिडकीजवळ सरकवलं, एक वळण काढलं, पेटीत एक छोटा पंखा बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता आम्ही ते सुरू केलं आणि घड्याळाकडे बघत बसलो. साडेचार झाले, पाच झाले. श्यामकांतच्या कपाळावरचा घाम वाळला होता. ते झोपले होते. कूलर बंद केल्यापासून पहिल्यांदाच ते असे दिवसा गाढ झोपले होते.

गुरुनाथराव हळूच म्हणाले, "चहा करा वहिनी. आवाज न करता."

हे सुख चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी दुपारी खाली जीप थांबल्याचा आवाज आला, मग आणखी एक. मी खिडकीतून बघितलं तर बंदूकवाले शिपाई फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभे. कुणीतरी कळवलं होतं, की एका सरदारजीच्या कोठीच्या वरच्या मजल्यावरून दोन खाकी नळकांडी रस्त्यावर रोखलेली आहेत. समोरच्या रस्त्यानं रोज एका मोठ्या अधिकाऱ्याची गाडी जायची, हेही खरं होतं.

तिघे जण वर आले. श्यामकांतनी पडल्या पडल्या ओळखपत्र दाखवलं. मी यंत्र बंद करून नळी उचकटली, त्यांना आत हात घालून बघायला लावला. त्यातला मोठा हवालदार हसलासुद्धा. "सॉरी सर," म्हणाला, सलाम केला आणि खाली गेला. मला वाटलं, संपलं.

पण खाली त्यांनी मास्टरजींना जीपमध्ये बसवलं होतं.

मी धावत खाली गेले. "वह मशीन हमारी है," मी म्हणाले, "इनका कुछ लेना-देना नहीं।"

"मामूली पूछताछ है, मैडम। घर तो इनका है।"

मास्टरजींनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते ताठ बसून समोर बघत होते. गल्लीतल्या खिडक्यांमागे लोक होते, आणि त्यातल्या निम्म्या लोकांच्या मुलांना त्यांनी शिकवलं होतं. जीप निघाली तेव्हा त्यांनी एकदाच हात वर केला, पगडी सारखी करायला.

मी वर आले तर श्यामकांत पलंगाची कड धरून उठायचा प्रयत्न करत होते. उठता येत नव्हतं, म्हणून ते रडत होते. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "मशीन माझं," ते म्हणत होते, "मला सलाम ठोकतात आणि त्यांना घेऊन जातात." मास्टरजींच्या फोनवरून मी श्यामकांतच्या स्क्वॉड्रनला फोन लावत राहिले, लाइन मिळत नव्हती. शेवटी निशिगंधाला शेजारी सोडून मी रिक्षा केली आणि प्रयोगशाळेच्या गेटवर गेले.

गुरुनाथराव हातावरचं तेल पुसत बाहेर आले. मी सांगितलं तेवढं त्यांनी ऐकलं. "वहिनी, तुम्ही घरी जावा. साहेबांना एकटं ठेवू नका. फोन लावत ऱ्हावा," एवढंच म्हणाले. आत जाऊन सुट्टीचा कागद भरून आले, सोबत आलेखाच्या कागदावर काढलेला त्या यंत्राचा नकाशा आणि उरलेलं तारेचं एक कडं. सायकलवर टांग टाकून ते चौकीकडे गेले.

तिथे काय झालं ते मास्टरजींनी आम्हाला नंतर सांगितलं. चौकीचे साहेब बाहेर गेले होते, ते आल्याशिवाय कुणाला सोडता येत नव्हतं. मास्टरजी बाकावर बसून होते. गुरुनाथराव आत गेले, चौकीतल्या कारकुनाच्या, म्हणजे मुन्शीच्या, टेबलावर नकाशा पसरला आणि कुठून हवा जाते, कुठून येते ते त्याला समजावलं. मुन्शीला त्यातलं काही नको होतं. तो म्हणाला, "आप पर कोई शक नहीं है। आप जाइए।"

"चीज़ मैंने बनायी है," गुरुनाथराव म्हणाले. "जब तक ये बैठे हैं, मैं भी बैठूँगा।" आणि ते मास्टरजींच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

दोघांची तोवर नीट ओळखही नव्हती. तासाभरानं मास्टरजींनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून विचारलं, "यह पढ़ सकते हो?" पाटी गुरुमुखीत होती. गुरुनाथरावांना सतरा वर्षांत ती लिपी आली नव्हती. मोहालीला जाणाऱ्या बसच्या पाट्या ते दुसऱ्याला विचारायचे. मास्टरजींनी त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, नकाशा उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पहिल्या ओळीची पाच अक्षरं काढली. "बैठे ही हैं तो पढ़ लो," ते म्हणाले. संध्याकाळी सातला साहेब येईपर्यंत पस्तीसच्या पस्तीस अक्षरं झाली होती. त्यांचा 'स' आपल्या 'म'सारखा दिसतो, तिथे गुरुनाथराव सारखे चुकत होते. मास्टरजी प्रत्येक वेळी ते अक्षर पुन्हा दहादा काढायला लावत होते.

तोवर आमचाही फोन लागला होता, स्क्वॉड्रनमधून चौकीला निरोप गेला होता. साहेबांनी दोन मिनिटांत माफी मागून सोडून दिलं. दोघं चालत परत आले, गुरुनाथराव सायकल हातात धरून. मी फाटकात उभी होते. मास्टरजी माझ्याजवळून गेले, "ठीक है बेटी, ठीक है," म्हणाले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी गुरुनाथराव आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दोन्ही नळ्या आत ओढून घेतल्या. "माझ्यामुळं झालं हे," म्हणाले. "रंग तरी बदलायचा. खाकी कापड भाईर काढलं, अक्कल न्हाई मला." श्यामकांतनीही काही विरोध केला नाही. खोली पुन्हा तापली. दोन दिवस आम्ही ओले टॉवेल लांबूनच टांगून कसेबसे काढले.

तिसऱ्या दिवशी जिन्यात काठीचा आवाज आला. मास्टरजी आजवर कधी वर आले नव्हते. आले, खुर्चीवर बसले, श्यामकांतच्या तोंडाकडे बघितलं, मग बंद यंत्राकडे.

"यह क्यों बंद है?"

मी म्हणाले, "आपको फिर तकलीफ़ होगी।"

"तकलीफ़ तो हो चुकी," ते म्हणाले. "उस आदमी को बुलाओ। कहो, पाइप लगाये। और एक टीन की पट्टी लाये, और थोड़ा पेंट।"

त्या रविवारी दोन्ही नळ्या पांढऱ्या रंगवून पुन्हा बाहेर गेल्या. खिडकीखाली गुरुनाथरावांनी एक पत्र्याची पाटी तारेनं बांधली. त्यावर तीन ओळी होत्या, तिन्हींत एकच शब्द, 'एयर कंडीशनर'. हिंदी आणि इंग्रजी ओळ मास्टरजींनी लिहिली, हेडमास्तरांचं ते गोल, सुबक अक्षर. गुरुमुखी ओळ त्यांनी गुरुनाथरावांना लिहायला लावली. दोनदा पुसायला लावली. तिसऱ्या खेपेला मान डोलावली. गल्लीतली मुलं पाटी मोठ्यानं वाचत जायची. पोलिस पुन्हा आले नाहीत.

आजही मला ते चंडीगड आठवतं ते त्या दुपारींमुळे. मास्टरजी जेवून वर यायचे, कारण त्यांची खालची खोली भट्टी झालेली असायची. संकोचानं एक-दोन दिवस आले, मग रोज. श्यामकांत आडवे, मास्टरजी खुर्चीत, मध्ये स्टुलावर पत्ते. रविवारी गुरुनाथरावही असायचे. तिघं सीप नावाचा पंजाबी डाव खेळायचे, आणि मास्टरजी चक्क लबाडी करायचे. बाहेर वाऱ्याबरोबर धूळ उडत असायची, रेडिओवर बातम्या वाईट असायच्या, त्या लागल्या की मास्टरजी आवाज कमी करायचे आणि पानं वाटायचे. निशिगंधा जमिनीवर झोपलेली असायची. मी मठ्ठा करून आणायची. खोलीचं दार घट्ट लावलेलं, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून, आणि काही तास तरी त्या दाराबाहेर काय चाललंय याची आठवण नसायची.

एकदा मास्टरजींनी गुरुनाथरावांना सरळ विचारलं, "बीवी को कब लाओगे?" मंडळात कुणी कधी विचारलं नव्हतं. गुरुनाथराव पानांकडे बघत म्हणाले, "माँ है।" तो डाव मास्टरजी मुद्दाम हरले, असं मला वाटलं.

ऑगस्टमध्ये प्लास्टर निघालं. श्यामकांत काठी धरून चालू लागले. पुढच्या मार्चमध्ये आमची बदली जोधपूरला झाली. गुरुनाथराव आले, प्लायवूड काढलं, पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या काचा काढल्या, नवी लांबी भरून बसवल्या. मास्टरजी चष्मा लावून तिन्ही खिडक्या बघत फिरले आणि शेवटी विचारलं, "कौन सी निकाली थी?" गुरुनाथराव तेवढे एकदा मोठ्यानं हसले.

त्याच वर्षी हिवाळ्यात गुरुनाथरावांची आई गेली. मला पत्र आलं, नेहमीपेक्षा लांब. त्यांनी लिहिलं होतं, सुरेखाला आता आणावं असं वाटतं, पण इकडचे दिवस असे. रोज पेपरात वाचते, घाबरते. आणावं की मीच नोकरी सोडून गावी जावं? मी दोन दिवस उत्तर लिहीत आणि फाडत होते. माझं उत्तर पोचायच्या आत त्यांचं दुसरं पत्र आलं. सुरेखाताईंनी स्वतःच कार्ड टाकलं होतं: 'सोळा तारखेच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. स्टेशनवर या.' आणि पत्राच्या शेवटी एक ओळ होती. वरचा मजला रिकामा आहे, असं मास्टरजी म्हणतात.

पंच्याण्णव साली मी एका लग्नासाठी चंडीगडला गेले. पोती हटली होती, संध्याकाळी लोक पुन्हा फिरायला बाहेर पडत होते. दुपारी न कळवताच मी त्या कोठीवर गेले. जिना चढताना वरून ठेच्याचा खकाणा आला आणि मी शिंकायला लागले. सुरेखाताईंना मी पहिल्यांदाच बघत होते. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरून पदर, आणि आवाज खणखणीत. गुरुनाथराव कामावर होते. सुरेखाताईंनी मला बसवलं, माझं नाव ऐकल्यावर म्हणाल्या, "तुमीच व्हय त्या नळ्या शिवलेल्या?"

दोन भाकऱ्या माझ्या पानात वाढून झाल्यावर त्यांनी एक ताट वेगळं केलं. भाकरी बारीक कुस्करून, वर पातळ पिठलं घातलं. मास्टरजींचे दात गेले होते, आता डोळ्यांनाही फारसं दिसत नव्हतं.

"खाली देऊन येते," त्या म्हणाल्या. "एकचा ठोका पडला की वाट बघत बसत्यात. उशीर झाला तर काठी आपटत्यात जिन्याला."

"तुमचं बोलणं त्यांना कळतं?" मी विचारलं.

"त्यांचं मला कळत न्हाई, माझं त्यांना कळत न्हाई," त्या पदर खोचत म्हणाल्या. "पाच वरसं झाली. अजून भांडण न्हाई."

मी म्हणाले, "मीही येते." आणि ताट त्यांच्या हातातून घेऊन त्यांच्यामागून जिना उतरू लागले.